वाटणीत गेलेला किसनराव

सोनाळ्याच्या किसनरावला देवानं शेत दिलं ते जेमतेम, बैल दिले ते आडमुठे. पण बसण्याची कला अशी दिली की अख्ख्या जळगाव तालुक्यात तिला तोड नव्हती. किसनराव बसला की बसला. मान हलायची नाही, खांदा उतरायचा नाही, पापणी लवली की नाही यावर पोरंसोरं पैजा लावायची. एकदा बाजाराच्या दिवशी तो चावडीच्या ओट्यावर बसलेला असताना परगावच्या एका म्हातारीनं त्याच्यापुढं खोबऱ्याचा तुकडा ठेवून हात जोडले होते. देवी टोचायला आलेल्या सरकारी माणसानं तर त्याची नाडी पाहिली आणि ती हाताला लागताच तोच दचकून मागं सरला.

त्याची बायको कौशल्याबाई या कलेला वैतागलेली होती. शेत तीच पाहायची, बैलही तीच हाकायची. "अवो, उठा ना जी आता," ती म्हणायची. "म्हशीले वाटून राह्यलं खुटा हाये म्हनून. अंग घासून राह्यली ते तुमाले."

"घासू दे," किसनराव ओठ न हलवता म्हणायचा.

अशा माणसाचा गावाला काय उपयोग, असं सगळ्यांनाच वाटत होतं. तो उपयोग शोधून काढला वहाब पेंटरनं.

वहाब सोनाळ्याचाच. तरुणपणी घर सोडून एका नाटक कंपनीत शिरला आणि तिथं पडदे रंगवायला शिकला. राजवाडा, जंगल, नदीचा घाट, सगळं त्याच्या हातातून उतरायचं. पुढं ती कंपनी खामगावच्या मुक्कामात फुटली, नट गेले कुठल्या कुठं, आणि वहाब कुंचल्यांचं गाठोडं घेऊन परत आला. हात चांगला होता, खोड एकच होती. काहीही काढलं तरी त्याच्या मागं राजवाडा यायचा. मारुतीच्या देवळाची भिंत रंगवली, तर द्रोणागिरी घेऊन उडणाऱ्या मारुतीच्या मागं संगमरवरी जिना आणि दोन कारंजी आली. गावानं काही दिवस कुरकुर केली, मग सवय झाली.

गावातले मोठे जमीनदार म्हणजे शेषराव देशमुख. सरकी विकायला खामगावला गेले असताना त्यांनी एका अडत्याच्या गादीवर त्या अडत्याचंच मोठं रंगीत चित्र टांगलेलं पाहिलं. खाली अडत्या बसलेला आणि वरही अडत्याच, पण वरचा जास्त भारदस्त. शेषरावांच्या डोक्यातून ते जाईना. गावी आल्या आल्या त्यांनी वहाबला बोलावलं. "माहं काढ. फोटू नोको, फोटू काळा येते. रंगाचं काढ."

वहाबनं कापड ताणलं, खुर्ची मांडली आणि शेषराव बसले. म्हणजे बसले न बसले असेच. त्यांना तपकिरीची सवय. दर घडीला चिमूट, चिमटीमागं शिंक. मध्येच माशी मारायची, मध्येच उठून गड्यावर ओरडायचं. वहाबनं डोळा काढायला घ्यावा, तर डोळा गोठ्याकडं. नाक काढायला घ्यावं, तर नाक रुमालात. तरी त्यानं चिकाटीनं एकेक तुकडा जमवून तोंड पुरं केलं. अंग मात्र काही केल्या साधेना.

"मालक, थोडं दम धरून बसा ना," वहाब काकुळतीला आला. "आज खांदा इकडं, काल तिकडं. मी कोनता काढू?"

"माह्या अंगात काय पाहाचं हाये बे?" शेषराव म्हणाले. "कोट हाये अन् फेटा हाये. ते घाल कोनाच्याबी अंगावर अन् काढ."

वहाब तडक चावडीवर गेला. किसनराव तिथं बसलेलाच होता.

देशमुखांचा कोट, जरीचा फेटा आणि हातात चांदीच्या मुठीची काठी, अशा थाटात किसनराव खुर्चीवर बसला. वहाबला रडूच फुटायचं बाकी होतं. इतक्या वर्षांत राजवाडे सोडले तर असं न हलणारं काही त्याच्यापुढं आलं नव्हतं. बाहेरून आलेला गडी दारातच थबकला, चपला काढून वाकून उभा राहिला आणि "मालक, बैल सोडू काय?" असं विचारू लागला. किसनरावनं उत्तर दिलं नाही. चित्रात बसलेला माणूस बोलत नाही, असं त्याला वहाबनं सांगितलं होतं. गडी बिचारा उत्तराची वाट पाहत तसाच उभा राहिला आणि बैल त्या दिवशी उशिरा सुटले.

चित्र पाहून शेषराव खूश झाले. मागं राजवाडा, बाजूला मोर, आणि मध्ये शांत, भक्कम, जगाची फिकीर नसलेले शेषराव. तेवढ्यावर थांबतील तर ते देशमुख कसले? "आता बाबाचं काढ," ते म्हणाले.

बाबा म्हणजे भगवानराव. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. फोटो काढल्यानं आयुष्य खुंटतं अशी त्यांची समजूत होती, त्यामुळं फोटो एकही नव्हता. वहाबनं घरच्यांना विचारलं, दिसत कसे होते? शेषराव म्हणाले, "नाक सरळ होतं, माह्यासारखं." त्यांचे धाकटे भाऊ रामराव म्हणाले, "सरळ कुठी? बाकदार होतं, माह्यासारखं." दोघांची नाकावरून एवढी जुंपली की कपाळापर्यंत पोचताच आलं नाही.

शेवटी वहाब माजघराच्या दाराशी जाऊन उभा राहिला. आत भगवानरावांची विधवा, मनकर्णाबाई, पदर हनुवटीपर्यंत ओढून बसली होती. देशमुखांच्या बायकांचा पडदा कडक.

"माय, तुमीच सांगा," वहाब म्हणाला. "मालकाचं तोंड कसं होतं?"

मग पदराआडून आवाज आला. "पाय सांगू काय? पायाचा अंगठा मोठा होता. टाचीले भेगा होत्या."

"पाय नोको, माय. तोंड."

"तोंड म्या कधी पाह्यलं, बापा?" मनकर्णाबाई म्हणाली. "सासू होती तवा सासूसमोर कसं पाहाचं? सासू गेली तवा सवय मोडली होती. ते आले का मी खाली पाहो. ते गेले तवाबी मले पायाशीच उभं केलं."

वहाब परत येऊन कुंचला धुऊ लागला. समोर भगवानरावांची शाल पांघरून किसनराव बसला होता, अंगासाठी. त्याच्याकडं पाहता पाहता वहाबच्या मनात आलं की याचं नाक सरळही आहे आणि टोकाला थोडं बाकदारही आहे. दोन्ही भावांची सोय होईल. त्यानं किसनरावचंच तोंड उतरवलं, मिशी पांढरी केली आणि कपाळावर दोन आठ्या जास्त घातल्या. मागं राजवाडा.

चित्र माजघरात नेलं. शेषराव म्हणाले, "नाक सरळ हाये. बाबाच!" रामराव म्हणाले, "बाकदार हाये. बाबाच!" मनकर्णाबाईनं पदर दोन बोटं वर केला, पाहिलं, चटकन खाली ओढला आणि बाजेवरून उठून उभी राहिली. दिवसभर चित्र तिथंच होतं, म्हणून ती दिवसभर बाजेवर बसली नाही.

इथवर सगळं ठीक होतं. पण चित्र भिंतीवर लागलं आणि किसनराव गावात मोकळा हिंडत राहिला.

दुसऱ्याच आठवड्यात तो देशमुखांच्या अंगणात वहाबचा रंगाचा डबा पोचवायला गेला. मनकर्णाबाई तुळशीपाशी होती. तिनं त्याला पाहिलं, पदर ओढला आणि भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. किसनराव गोंधळला. आजवर तो तिच्या लेखी कुणीच नव्हता. त्याच्यासमोर ती खुशाल गड्यांना शिव्या द्यायची.

शेषराव आईवर चिडले. "माय, किसन हाये तो! चावडीवरचा किसन!"

"मले काय येड लागलं?" मनकर्णाबाई म्हणाली. "मले दिसते किसन हाये म्हनून. पन तोंड त्याईचं हाये ना? तोंडाले मान द्याच लागते."

मनकर्णाबाई एवढ्यावरच थांबली नाही. तिला माहेरी टुनकीला जायचं होतं, तर तिनं गड्याला चावडीवर पाठवलं, "विचारून ये, जाऊ काय म्हना." गड्यानं विचारलं. किसनराव बसला होता तसाच बसून राहिला. गडी परत येऊन म्हणाला, "काईच नाई बोलले." मनकर्णाबाई हताश होऊन म्हणाली, "तेबी असेच होते," आणि तिनं बांधलेलं गाठोडं सोडलं.

हे कळलं तेव्हा किसनरावला आयुष्यात पहिल्यांदा बसल्या जागी टोचल्यासारखं झालं. तो घरी गेला आणि त्यानं बायकोला सारं सांगितलं. कौशल्याबाईनं कपाळावर हात मारला. "हो म्हनाचं ना जी! तुमच्या एका हो साठी ते म्हातारी राह्यली ना घरात!"

"मी कोन हो म्हननारा?" किसनराव म्हणाला. आणि ते खरंही होतं.

त्याच साली देशमुख भावांची वाटणी निघाली. वावरं वाटली, संत्र्याची बाग वाटली, विहिरीवर पाळ्या लागल्या, भांडी मोजून झाली. पंच उठणार, तेवढ्यात रामराव म्हणाले, "अन् बाबाचं चित्र?"

"ते माह्या भितीवर हाये, माहंच हाये," शेषराव म्हणाले.

"बाप दोघाईचा हाये."

पंचांनी पुष्कळ डोकं चालवलं. सहा महिने इकडं, सहा महिने तिकडं करू म्हटलं, तर नेण्या-आणण्यात फाटेल. मधोमध कापायचं कुणीतरी सुचवलं, तर दोन्ही भावांनी नाक आपल्याकडं मागितलं. शेवटी रामराव ताडकन उठले. "चित्र त्याईले देऊन टाका. मले किसन द्या."

पंचांना हे एवढं न्यायाचं वाटलं की त्यांनी ताबडतोब होकार दिला. खुद्द किसनराव पंचांच्या मागंच खांबाला टेकून बसला होता, पण त्याला विचारायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. तोही काही बोलला नाही. वाटणीच्या मालानं बोलायचं असतं की नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं.

बोलली कौशल्याबाई. ती रामरावांच्या दारात येऊन उभी राहिली. "माह्या नवऱ्याची वाटनी करनारे तुमी कोन?"

"रागाऊ नोका, बाई," रामराव हात जोडून म्हणाले. "आमाले नुसतं तोंड पायजे. बाकीचा तुमचाच हाये." आणि घाईघाईनं पुढं म्हणाले, "वखरासाठी माहे बैल घेऊन जात जा. गडीबी देतो."

कौशल्याबाई विचारात पडली. आडमुठ्या बैलांनी तिचा जीव नकोसा केला होता. तोंड काय, तसंही घरात फारसं उघडत नव्हतं. तिनं बैल नेले.

तेव्हापासून किसनरावचे हाल सुरू झाले, आणि लाडही. रामरावांच्या ओसरीवर त्याला खुर्ची मिळाली. जेवायला वरण, बट्टी, वर तूप. मिशी कापायची नाही, उन्हात जायचं नाही. मनकर्णाबाईनंही बोचकं उचललं आणि ती धाकट्याकडं राहायला आली. "खरे ते इकडं हायेत," ती म्हणाली. शेषराव चित्राखाली बसून कुढू लागले. पुढं किसनरावच्या गालावर करट आलं, तेव्हा तर कहर झाला. रामरावांनी वहाबला निरोप धाडला की चित्रातही करट काढ, नाहीतर चित्र खोटं पडतं. शेषराव काठी घेऊन चित्राच्या आडवे उभे राहिले. करट चार दिवसांनी फुटलं म्हणून भागलं.

किसनराव सुखी नव्हता. त्याची सारी कला कुणाच्या नजरेत नसण्याची होती. चावडीवर तो बसायचा ते आपलं असंच, काही न होता. इथं मात्र येणारा-जाणारा पाया पडायचा. "मी भगवानराव नाई हो," असं त्यानं एकदोनदा सांगून पाहिलं. पाया पडणारे म्हणाले, "आमाले ठाऊक हाये," आणि पुन्हा पडले.

मग पितृपक्ष आला. रामरावांनी भगवानरावांचं श्राद्ध थाटात करायचं ठरवलं. ओसरीवर पाट मांडला, रांगोळी काढली आणि त्यावर किसनरावला गंध लावून, हार घालून बसवलं. भटजी आले आणि पाहून हबकले.

"अहो, हा जिवंत माणूस आहे."

"आमच्या वाटनीले हेच आले," रामराव म्हणाले. "फोटू भावाकडं हाये."

भटजींनी पोथीत काही सापडतंय का ते पाहिलं. सापडलं नाही. पलीकडं स्वयंपाकघरातून खिरीचा वास येत होता. "बरं," ते म्हणाले, "डोळे तरी मिटून बसा म्हणावं."

किसनराव डोळे मिटून बसला. मंत्र सुरू झाले. दारात वहाब उभा होता, त्याला रामरावांनी मुद्दाम बोलावलं होतं; आणि वाटणीत गेलेल्या तोंडाची चौकशी करावी तशी कौशल्याबाईही कोपऱ्यात येऊन बसली होती. तेवढ्यात मनकर्णाबाई माजघरातून बाहेर आली. तिनं पाटासमोर फतकल मारली आणि दोन्ही हातांनी पदर मागं टाकला. सगळ्यांसमोर. भटजींचा मंत्र अर्ध्यात राहिला.

ती किसनरावच्या तोंडाकडं टक लावून पाहत राहिली. मग बोलू लागली.

"माहा बाप मेला तवा मले जाऊ देलं नाई तुमी. टुनकी हाये इथं, हाकेच्या रस्त्यावर. माहेरून गाय आनली होती म्या, कपिला. ते तुमी पावन्याले देऊन टाकली. मले इचारलं काय? म्या सकाळी गोठ्यात गेली तं खुटा रिकामा. सारा जलम सैपाक केला, कधी चांगला झाला म्हनलं नाई. वाईट झाला तरी म्हनलं नाई. नुसतं हूं. अवो, भाजीत मीठ घालाचं इसरली होती म्या एक डाव, तरी हूं! मले समजाचं कसं, तुमी जेवून राह्यले का नाई?"

रामराव "माय, माय" करत पुढं झाले. तिनं त्यांना हातानंच बसवलं. शेषरावही दोन घरांमधल्या भिंतीवरून डोकावत होते, ते तिथंच राहिले.

किसनराव ऐकत होता. नाकावर माशी बसली, हारातली मुंगी मानेवर उतरली, तो हलला नाही. इतकी वर्षं तो बसला होता ते जणू या एका बैठकीची तालीम म्हणून, असं त्याला नंतर वाटलं. हे बोलणं आपल्यासाठी नाही हे त्याला पुरतं कळत होतं. आणि ज्याच्यासाठी आहे तो कधीच येणार नाही, म्हणून आपल्याला उठताही येणार नाही, हेही कळत होतं. मिटल्या डोळ्यांतून पाणी मिशीत उतरलं, ते त्यानं पुसलं नाही.

"अन् मले हाक काय मारे तुमी?" मनकर्णाबाईचा आवाज खाली आला. "अवं. कुत्र्याले नाव होतं तुमच्या, मोती म्हनून. मले अवं. माहं नाव तरी ठाऊक होतं काय तुमाले?"

आत चुलीवर खीर लागल्याचा वास सुटला, तरी कोणी उठलं नाही. मग, डोळे मिटलेले तसेच ठेवून, किसनराव म्हणाला, "मनकर्णा."

भटजींच्या हातातली पळी पडली. "पितर बोलले!" असं ओरडून ते जे निघाले ते खीर न खाताच गेले. रामरावांनी पाटापुढं लोटांगण घातलं. भिंतीपलीकडं शेषरावांच्या हातून काय निसटलं कोण जाणे, ते धप्पकन खाली गेले. वहाबनं टोपी काढली, मग काय करावं न कळून परत घातली.

मनकर्णाबाई तेवढी शांत होती. तिनं पदरानं तोंड पुसलं. "झालं," ती म्हणाली. "किसन, उठ आता. हार काढ अन् जेवाले बस. ए कौशल्या, पान घे नवऱ्याचं."

त्या दिवसापासून तिनं किसनरावला पाहून पदर ओढला नाही. समोर आला तर "काय रे, बैल पोचवले काय?" असं विचारायची. आणि टुनकीला ती पुढच्याच बाजाराला गेली, कुणालाही न विचारता, भाच्याच्या दमणी-गाडीत बसून.

किसनरावनं रामरावांची खुर्ची सोडली. रामरावांनी थोडी कुरकुर केली, पण आईनंच मान देणं सोडल्यावर त्या तोंडाचा त्यांनाही फारसा उपयोग उरला नव्हता. बैलांचा सौदा मात्र कौशल्याबाईनं मोडला नाही. ती ते नेतच राहिली. सोनाळ्याची चित्रं पाहून पुढं वहाबला पार लांबच्या साखरखेर्ड्यापासून बोलावणी येऊ लागली, आणि प्रत्येक ठिकाणी बसायला किसनराव लागायचा. तो जायचा, पण गाडीत चढण्याआधी वहाबकडून कबूल करून घ्यायचा. "अंग घे. तोंड नाई देनार."

दिवाळीनंतर मनकर्णाबाईनं वहाबला बोलावलं. "माहं काढ," ती म्हणाली.

वहाबनं सवयीनं विचारलं, "बसवाचं कोनाले, माय?"

"कोनाले म्हंजे? मीच बसतो."

ती अंगणात उन्हाला बसली. पदर खांद्यावर, हात मांडीवर, आणि नजर नेमकी वहाबच्या डोळ्यात. वहाबनं एवढे जमीनदार रंगवले होते, पण असं त्याच्याकडं कुणी पाहिलं नव्हतं. त्याचा कुंचला अडखळू लागला.

"माय, नजर जराशी बाजूले घेता काय? त्या तुळशीकडं?"

"काऊन?"

"मले भेव वाटून राह्यलं."

"वाटू दे," मनकर्णाबाई म्हणाली. "खाली पाहून पाहून मान मोडली माही. अन् मांगं तो तुहा वाडाबिडा काई काढू नोको. गाय काढ. तांबडी."

वहाबनं आयुष्यात पहिल्यांदा राजवाडा सोडला आणि गाय काढायला घेतली. ती त्याला नीट जमेना. शिंगं मोरपिसाऱ्यासारखी पसरू लागली. मनकर्णाबाई बसल्या जागेवरून सांगत होती, "आखूड होते शिंगं. अजून आखूड." किसनराव बाजूला ओट्यावर शेंगा फोडत बसला होता. मधूनमधून तो सोललेले दाणे तिच्या तळहातावर ठेवायचा, आणि ती नजर न हलवता ते तोंडात टाकायची.